द्राक्षबागेतल्या मुक्कामासाठी माहितीपत्रक छापायचंय, सल्ला हवा

बांधावरची
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात ओझरच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे. बागेतच चार खोल्या बांधून आम्ही दोघी जावा कृषी पर्यटन चालवतो. पाहुणे आजवर ओळखीतूनच आले. डिसेंबरात पुण्याच्या एका प्रदर्शनात स्टॉल घेतलाय, तिथे वाटायला हजार माहितीपत्रकं छापायची आहेत. उरतील ती शाळांना सहलीसाठी देऊ.

ए-४ कागद, दोन घड्या, सहा पट असं ठरलंय. मुखपृष्ठावर विघ्नहर आणि आमच्या केंद्राचं नाव. आत घराण्याची माहिती, शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, खोडदची रेडिओ दुर्बीण, खोल्या, जेवण, दर, नियम आणि वीसेक फोटो. प्रेसवाले म्हणतात फाईल द्या, छापून देतो. देण्याआधी काय बदलू?

कोराकागद
ताई, आधी एक ठरवा. पत्रक वाचून समोरच्याने काय करावं? माझ्या मते एकच: व्हॉट्सॲपवर तुम्हाला तारीख विचारावी. हे पक्कं झालं की निम्मा मजकूर गळतो. शिवनेरीचा इतिहास पुणेकराला सांगायला नको, तुमच्या अंगणातून गडाच्या पायथ्याशी किती वेळात पोचतो ते सांगा. चार परिच्छेदांऐवजी छोटा नकाशा द्या. त्यात पुणे-नाशिक महामार्ग, नारायणगाव, ओझर, तुमची बाग आणि प्रत्येक ठिकाणापुढे गाडीने लागणारी मिनिटं एवढंच असू द्या.

मुखपृष्ठावरून विघ्नहर काढा असं मी मनापासून सांगेन. प्रदर्शनातली पत्रकं संध्याकाळी पायदळी येतात. देवाचा फोटो मी म्हणूनच कुठल्याच पत्रकावर घेत नाही. केंद्राचं नावही खाली जाऊ द्या, ते अजून कुणाला ओळखीचं नाही. स्टँडमध्ये ठेवलेल्या पत्रकाचा वरचा भागच दिसतो, तिथे पाहुण्याला काय मिळणार ते हवं. 'द्राक्षबागेत मुक्काम, जुन्नर' इतकं पुरे.

आता सगळ्यात दुर्लक्षित पट. मुखपृष्ठ उघडलं की आतलं पान पूर्ण दिसण्याआधी उजवीकडे आत दुमडलेला पट समोर येतो. बहुतेक जण तिथे नियम-अटी टाकतात, आणि तिथेच वाचणारा पत्रक मिटतो. तुम्ही तिथे 'कधी यावं' द्या. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, डिसेंबरात हिरवे मणी, जानेवारीअखेरपासून गोड घड, एप्रिलात खरड छाटणी (हंगामानंतर वेल पार छाटणं), पावसाळ्यात नाणेघाट. फोटोत पिकलेले घड बघून कुणी डिसेंबरात मुलांना घेऊन आला आणि हिरवे मणी बघून परत गेला, तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. बागेची खरी दिनदर्शिका दिलीत तर तोच माणूस वर्षातून दोनदा यायचा विचार करेल.

फोटो सहा-सात पुरेत. आतल्या तिन्ही पटांवर पसरलेला एक मोठा, बाकीचे लहान. रिकाम्या खोलीच्या फोटोपेक्षा ओसरीवर जेवायला बसलेली माणसं दाखवा, अर्थात त्यांना विचारून.

खिळेजुळारी
वरच्या सगळ्याला +१. मी प्रेसच्या बाजूचं सांगतो.

ए-४ ची लांबी २९७ मिमी. तिचे सारखे तीन भाग करू नका. आत दुमडणारा पट ९७ आणि बाकी दोन १००-१०० ठेवा, नाहीतर तो पट घडीत अडकून कागद फुगतो. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) द्या, अक्षरं कडेपासून निदान ५ मिमी आत. १३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) आर्ट पेपर चालेल. १७० हाताला छान लागतो, पण क्रीजिंग (घडीच्या जागी आधी खाच दाबणं) न करता दुमडला तर घडीवर शाई तडकते. हजार प्रतींना ऑफसेट (प्लेट बनवून होणारी छपाई) परवडतं. दोनशेच हव्या असत्या तर डिजिटल म्हटलं असतं.

मराठी मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात. 'पर्यटन'मधला र्य, 'द्राक्ष'मधले द्रा आणि क्ष, 'विघ्नहर'मधला घ्न एकेक करून बघा. प्रेसला देताना पीडीएफमध्ये अक्षरं कर्व्हजमध्ये (म्हणजे आकृत्यांत) बदलून द्या, म्हणजे त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. मात्र बदलण्याआधीची मूळ फाईल जपून ठेवा, दर बदलले की तीच लागेल. ओळींत जागा सोडा. वेलांट्या वर आणि उकार खाली जात असल्याने इंग्रजीच्या हिशोबाने लावलेल्या ओळी एकमेकींत घुसतात. १० पॉइंटच्या अक्षराला १५ चं अंतर ठेवा. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंग मिळून काळा केला आणि प्लेट जराशी सरकली की अक्षर धूसर होतं.

फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबले जातात. कागदाच्या पूर्ण लांबीचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ३५०० पिक्सेल लागतो. क्यूआर कोड निदान २ सेमीचा, भोवती पांढरी जागा सोडून. कागदी प्रूफवरून (छपाईआधीच्या नमुना प्रतीवरून) दोन-तीन फोनवर उघडून बघितल्याशिवाय छपाईला हो म्हणू नका.

सहलप्रमुख
मी शाळेत आहे. हे पत्रक शाळांना देऊ नका, त्यांच्यासाठी वेगळं एकपानी पत्र करा. मुख्याध्यापक फोटो बघत नाहीत. मुलींसाठी स्वच्छतागृहं किती, बस कुठपर्यंत येते, पाऊस आला तर मुलं कुठे बसवणार, जवळचा दवाखाना किती लांब, हे बघतात. खोडदच्या दुर्बिणीला तिथे मोठी जागा द्या. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तुमच्या तालुक्यात आणि आसपास आहेत, विज्ञानाच्या शिक्षकाला एवढं कारण पुष्कळ आहे. पण भेटीची परवानगी कशी घ्यायची हे दुर्बीण केंद्रात आधी विचारून मगच लिहा.

बांधावरची
खूप आभार. दोन प्रश्न. दर छापू का? आणि पुण्याहून फोन आला की पहिला प्रश्न बिबट्याचा असतो, त्याबद्दल लिहावं की नको?

कोराकागद
दर छापू नका, क्यूआरमागे ठेवा. हंगामात आणि सुट्टीच्या दिवशी ते बदलतात, पत्रक मात्र दोन वर्षं लोकांच्या ड्रॉवरमध्ये राहतं.

खिळेजुळारी
इथे मी सहमत नाही. दर नसला की लोक महाग समजून पत्रक बाजूला ठेवतात. 'माणशी अमुकपासून, दोन जेवणं आणि नाश्ता धरून' असं लिहा आणि शेजारी 'मार्चअखेरपर्यंत' घाला.

सहलप्रमुख
बिबट्याचं लिहाच. जुन्नरला बिबटे आहेत हे पालकांना माहीत असतं, तुम्ही गप्प राहिलात तर शंका वाढते. प्रत्यक्षात जे करता तेवढंच लिहा: कुंपण, रात्रभर दिवे, अंधार पडल्यावर मुलांना एकटं बागेत जाऊ देत नाही. 'शंभर टक्के सुरक्षित' वगैरे नको.

बांधावरची
हे वाचून जाऊबाईंनी 'कधी यावं'चा पट लिहायला घेतलाय. घराण्याची माहिती दोन ओळींवर आणली. दर 'पासून' असा देतोय, बिबट्याचं सहलप्रमुखांनी सांगितलं तसंच. फाईल प्रेसला कधी द्यावी?

खिळेजुळारी
दिवाळीच्या आधी. नंतर तुळशीचं लग्न झालं की सगळ्या प्रेस लग्नपत्रिकांत बुडतात, आणि तुमचं प्रूफ कुणी नीट बघणार नाही.