गावच्या पाण्यावर रिसर्च करायचाय, पण नक्की कुठल्या डिपार्टमेंटात?

आभाळवेडी:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी सिव्हिल इंजिनिअर, गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला. आमच्या शिवारात जिकडे बघावं तिकडे प्लास्टिकचा कागद टाकलेली शेततळी झालीत आणि पिण्याच्या विहिरीला मार्चमध्येच तळ दिसायला लागतो. ह्या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध आहे हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, पण मला ते मोजून दाखवायचंय. त्यासाठी एका विद्यापीठात चौकशीला गेले तर सिव्हिलवाले म्हणे हे भूगर्भशास्त्र आहे, भूगर्भवाले म्हणे पिकांचा हिशोब आम्ही करत नाही अॅग्रीकल्चरला जा, आणि तिथले सर म्हणाले कोण किती उपसतो हे तर समाजशास्त्र झालं की. चहा मात्र तिन्हीकडे मिळाला :) तर असं सगळं एकत्र करू देणारी जागा आहे का कुठे, की मीच कुठल्या तरी एका दारातून आत शिरून बाकीचं गपचूप करावं?

कातळवेडा:
तिघंही अर्धं अर्धं खरं बोलले बघा. आपला महाराष्ट्र बहुतेक बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर बसलाय आणि त्यात पाणी वाळूत मुरतं तसं मुरत नाही, मुरमात आणि भेगांत जेवढी जागा असेल तेवढंच. वरचा मुरमाड थर धरला तरी त्याच्या आकारमानाच्या दोन टक्के पाणी हाती लागलं म्हणजे चांगलं. आता गणित करा, एक हेक्टरखालची पाणीपातळी एक मीटरने उतरली तर हाताला लागतात फक्त २ लाख लिटर. ३० बाय ३० मीटरचं तीन मीटर खोल शेततळं, बाजू उतरत्या असतात म्हणून, साधारण २० लाख लिटरचं, म्हणजे ते विहिरीतून भरायचं तर दहा हेक्टरची पातळी मीटरभर खाली गेलीच. आणि पाणी वर आणून उघड्यावर ठेवलं की उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर उडतं असं धरलं तरी एका तळ्यातून दिवसाला ७ हजार लिटर हवेत. हे झालं माझं काम. पण तळं पावसाच्या पाण्याने भरतात की विहिरीच्या, ते हातोडीने खडक ठोकून मला कधीच कळलं नसतं, त्यासाठी माणसांशी बोलावं लागतं, आणि आमच्या अभ्यासक्रमात माणसं नव्हती.

जुना_पवईकर:
ताई, आयआयटी मुंबईत सीतारा आहे ना, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र, १९८५ पासूनचं. २००७ पासून तिथे टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटमध्ये एमटेक आहे, त्याला गेटची प्रवेश परीक्षा लागते. मी तिथलाच. वर्गात मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर सगळी खिचडी, आणि काही आठवडे गावात जाऊन राहावंच लागतं, तिथे पहिल्या आठवड्यात तुमची डिग्री कुणी विचारत नाही, कुणाच्या घरी जेवलात ते विचारतात. पोकराच्या, म्हणजे सरकारच्या कृषी संजीवनी प्रकल्पातल्या गावांसाठी पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत तिथूनच आली, पाऊस, माती, उतार, पीक सगळं एका नकाशावर आणणारी. शिवाय उन्नत महाराष्ट्र अभियानात जिल्ह्याजिल्ह्यातल्या कॉलेजांना आपल्याच भागातले प्रश्न घेता येतात, त्यामुळे पवईलाच यायला हवं असं नाही. एक मात्र सांगतो, पेपर छापताना त्रास होतो. पाण्याच्या जर्नलला तुमच्या मुलाखती नको असतात आणि समाजशास्त्राच्या जर्नलला तुमची समीकरणं. माझा एक पेपर असाच दीड वर्ष फिरत होता.

बांधावरून:
मी द्राक्षवाला, दोन शेततळी आहेत, म्हणजे ह्या धाग्यातला आरोपीच समजा. आमच्या गावात आजवर तीनदा पोरं येऊन फॉर्म भरून गेली, विहीर किती फूट, मोटार किती एचपी, रिपोर्ट मात्र एकाचाही दिसला नाही. तळं आम्ही हौसेने खणत नाही हो, बागेत लाखो रुपये अडकलेत, एप्रिलात पाणी नसलं तर झाड जातं, आणि मी नाही उपसलं तर शेजारी उपसणार, पाणी काय माझ्या बांधाला अडून बसणारे? हिवरे बाजारला ग्रामसभा बसून पाऊस मोजून पिकं ठरवते, ऊस नाही केळी नाही, ते तिथे चालतं कारण गावाने मिळून ठरवलं. आमच्याकडे ते कसं ठरेल ह्यावर करा की पीएचडी.

आभाळवेडी:
दादा, आरोपी वगैरे नाही हो, आमच्या घरचंही एक तळं आहे :( पण तुमचा शेवटचा मुद्दा डोक्यात बसला. मी उपसा काढायला वीजबिलं गोळा करणार होते, ते चालेल ना? आणि विहिरींची पातळी रोज सकाळी मोजायची असं ठरवलंय.

बांधावरून:
बिलाचं विसरा. कित्येकांना मीटरच नाही, एचपीवर बिल येतं, मोटार एक तास चालवा नाहीतर आठ तास, आकडा तोच. सकाळचंही काही खरं नाही, लाइट आठवड्याने बदलते. रात्रीची लाइट असली की मोटारी पहाटेपर्यंत चालतात, मग सकाळी तुम्हाला उपसलेली विहीर दिसणार, भरलेली नाही.

कातळवेडा:
हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे लाइटचं वेळापत्रक बघून, मोटार बंद होऊन विहीर पुरती भरल्यावर टेप सोडायचा.

बांधावरून:
आमच्याकडे ह्या आठवड्यात रात्रीची आहे. संध्याकाळी पाचला या, टेप तुमचा, चहा आमचा.