निकोलस वॉटन संधिसाधू होता?

जुनी पोथी: "हेन्री, एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ. दरबाराचा धर्म बदलत गेला आणि डीन वॉटन प्रत्येक पंगतीत जेवला." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. (वॉटन म्हणजे सोळाव्या शतकातला इंग्लंडचा राजदूत आणि डीन, म्हणजे मोठ्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू; या चारही राजा-राण्यांच्या चाकरीत राहिला.) संधिसाधू माणूस पदासाठी लाळ घोटतो. वॉटनने १५३९ मध्ये गळ्यात पडणारं बिशपपद टाळायला मित्राला पत्र लिहून अक्षरशः गयावया केली. १५६० मध्ये साठी उलटल्यावर एलिझाबेथचा मंत्री सेसिल याच्याबरोबर एडिंबरोला गेला, तह केला, फ्रेंच फौजा स्कॉटलंडमधून काढायला लावल्या. असा माणूस घरी बसवायचा होता?

कोकणकडा: बिशपपद नको, पण कँटरबरी आणि यॉर्क ही दोन्ही डीनपदं एकदम चालतात? १५४४ पासून १५६७ ला मरेपर्यंत! मेरीच्या काळात स्वारी फ्रान्सच्या दरबारात. उत्पन्न चर्चचं, चाकरी राजाची.

जुनी पोथी: वकिलातीचा खर्च चर्चच्या उत्पन्नातून काढायची रीतच होती. एकट्या वॉटनला का धरता?

सांजवात: आणि क्लीव्हज या जर्मन संस्थानातल्या ॲनचं, हेन्रीच्या चौथ्या राणीचं, काय? मुलगी बघायला हाच गेला होता. लग्न जानेवारी १५४० मध्ये, जुलैत रद्द. लग्न जुळवणाऱ्या मंत्री क्रॉमवेलचं डोकं उडालं, हा सहीसलामत!

जुनी पोथी: त्याचं पत्र वाचा हो! मुलगी शिवणकाम करते, गाणं-वाजवणं येत नाही, स्वतःच्या भाषेखेरीज दुसरी येत नाही, सगळं स्पष्ट कळवलंय. माझ्या मावशीने असंच एक स्थळ सुचवलं होतं, खरं तेच सांगून. लग्न फिसकटलं आणि दोन्ही घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मध्यस्थाला झोडपणं सोपं असतं.

सांजवात: मावशी राहू द्या. त्याच पत्रात चित्रकार हॉल्बाइनने काढलेलं ॲनचं चित्र हुबेहूब आहे अशी ग्वाही कोणी दिली? लॉरेनच्या ड्यूकच्या मुलाशी ठरलेली ॲनची जुनी सोयरीक मोडली आहे, हे क्लीव्हजवाल्यांच्या तोंडी शब्दावर कोणी मानलं? पुढे लग्न रद्द करताना तेच कारण पुढे आलं. कागद बघणं हेच तर राजदूताचं काम.

जुनी पोथी: कागद मागायला हवे होते, हे मान्य. पण चित्र खोटं होतं याला पुरावा फक्त हेन्रीची नाराजी. बायको न आवडलेल्या राजाची साक्ष मी धरत नाही.

कोकणकडा: ठीक, ॲनच्या बाबतीत सोडला त्याला. पण यॉर्कच्या लोकांनी आपला डीन किती वेळा पाहिला असेल, त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.