मैदान सोडलं नाही, रेषेबाहेर आलो: खेळाडूचे कोच झालेल्यांचे अनुभव

पुरुषांचा फुटबॉल विश्वचषक खेळाडू म्हणूनही जिंकला आणि कोच म्हणूनही, अशी तीनच नावं आहेत: मारिओ झागालो, फ्रान्झ बेकेनबाउअर आणि दिदिए देशाँ. ही नावं घेऊन 'चांगला खेळाडू म्हणजे चांगला कोच' असं ठासून सांगणारे नेहमी भेटतात. गॅरी नेव्हिलला व्हॅलेन्सियाने चार महिन्यांत आणि थिएरी ऑन्रीला मोनॅकोने जेमतेम तीन महिन्यांत घरी पाठवलं होतं, हे त्यांना सोयीने आठवत नाही.

मी स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो, आता एका व्यावसायिक संघात सहायक कोच आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: खेळताना जे अंगात मुरलेलं असतं, शिकवताना तेच सगळ्यात जास्त आडवं येतं. पटलं तर लिहा, नाही पटलं तर आवर्जून लिहा. करंडकांचे फोटो नकोत. रेषेच्या बाहेर उभं राहिल्यावर नेमकं काय अंगावर आलं, ते हवं आहे. नावं नकोत, कुठल्या जागेवर खेळायचात तेवढं पुरे.

मिडफिल्ड

समालोचक माझ्याबद्दल म्हणायचे की याला पाठीला डोळे आहेत. ऐकायला बरं वाटायचं. सतरा वर्षांखालच्या मुलांपुढे उभा राहिलो आणि पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "सर, बॉल यायच्या आधी मागे बघा म्हणता, पण कधी? बॉलवरची नजर काढली तर बॉल जातो ना." प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'ते आपोआप होतं' हे काही उत्तर नाही.

मग माझेच जुने सामने काढले आणि बॉल कुठे आहे ते सोडून फक्त माझी मान बघत बसलो. विचित्र प्रकार आहे, पण करून बघा. मान ठरलेल्या वेळीच वळत होती. आमचा स्टॉपर फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) पास द्यायचा आणि बॉल दोघांच्या मध्ये वाटेत असायचा, तेव्हा. वाटेतला बॉल आपली दिशा बदलत नाही, तेवढा एखादा सेकंद फुकट मिळतो. बॉल फुलबॅकच्या पायाशी पोचला की नजर परत बॉलवर, कारण आता तो कुठेही जाऊ शकतो. त्याने माझ्याकडे मारला की वाटेत असताना आणखी एक झटकन नजर. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे मला ते येतं हेही माहीत नव्हतं.

पुढचा भाग जास्त त्रासाचा निघाला. यासाठी एक लोकप्रिय ड्रिल आहे: पाठीमागे उभा असलेला माणूस रंगीत बिब (सरावात जर्सीवर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) वर करतो, मुलाने मान वळवून रंग ओरडायचा. मुलं रंग बिनचूक ओरडू लागली आणि सामन्यात पूर्वीइतकीच बेसावध राहिली. कारण तिथे मागे बिब नसते, अंगावर येणारा माणूस असतो आणि तो सांगून येत नाही. आता मी छोट्या मैदानात चारास चार खेळवतो, दोन्ही टोकांना एकेक तटस्थ खेळाडू ठेवतो आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बॉल पोचवला की गुण देतो. मध्ये उभ्या असलेल्याला मागचं टोक न बघता खेळताच येत नाही. मी तोंडाने 'बघ' म्हणणं जवळजवळ बंद केलंय.

धागाकर्ता

म्हणजे मुद्दा माझाच, फक्त पुराव्यासकट! पुढचे या.

गोलकीपर

गोलीला सगळा खेळ समोर दिसतो, म्हणून गोली चांगले कोच व्हायला हवेत असा हिशोब लोक मांडतात. प्रत्यक्षात आम्ही खेळणं थांबवलं की आमच्या हातात हातमोज्यांची पिशवी देऊन कोपऱ्यात पाठवतात: 'तू गोलकीपर कोच.' मुख्य कोचच्या मुलाखतीला बोलावलं तरी पहिला प्रश्न असतो की फॉरवर्डना तू काय शिकवणार. डिनो झॉफने १९८२ मध्ये चाळिशीत इटलीचा कप्तान म्हणून विश्वचषक उचलला, पुढे कोच म्हणून युव्हेंटसला १९९० चा यूएफा कप जिंकून दिला आणि इटलीला २००० च्या युरोच्या (युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात नेलं. नुनो एस्पिरितो सांतो आणि युलेन लोपेतेगी हेही गोलीच. तरी तो प्रश्न काही संपत नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते ओरडणं. गोलमध्ये असताना बचावफळी माझ्या आवाजाच्या टप्प्यात असायची, 'डावीकडे सरक' म्हटलं की सरकायची. कोचची जागा मैदानाच्या मध्यरेषेजवळ. पलीकडच्या विंगला उभ्या असलेल्याशी माझं अंतर ६०-७० मीटर, वर प्रेक्षकांचा गलका. कोचने जिथे थांबायचं त्या टेक्निकल एरियाची आखलेली चौकट बेंचच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर आणि पुढे टचलाइनच्या (मैदानाच्या लांबीकडच्या रेषेच्या) एक मीटर अलीकडेपर्यंत. डावपेचाची सूचना एका वेळी एकानेच द्यायची, हाही नियमच. शेवटी आम्ही सूचना फक्त दोघांना द्यायचं ठरवलं, जवळच्या फुलबॅकला आणि मधल्या बचावात्मक मिडफिल्डरला. बाकीच्यांकडे ते पोचवतात. मध्यंतरानंतर बाजू बदलते, म्हणून दोन्ही फुलबॅक बोलके असावे लागतात. संघ निवडताना हा निकष मी धरतो, लोक हसले तरी.

जाता जाता: २०१९ पासून कोच आणि सहायकांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. बेंचवरून कोणी काही बोललं आणि बोलणारा ओळखू आला नाही, तर कार्ड तिथल्या सर्वांत वरिष्ठ कोचला. बेंचवरच्या सगळ्यांना हे मोसमाच्या सुरुवातीलाच सांगा.

डावा बॅक

ज्या संघात खेळलो त्याच संघात सहायक झालो. हे सोपं असतं असं बाहेरून वाटतं. मे महिन्यात मी त्यांच्यातला एक होतो, जुलैत मी 'तिकडचा' झालो. खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मी स्वतःच बाहेर पडलो, कोणी 'का रे' म्हणून विचारलं नाही, यावरून वेळ बरोबर साधली असं समजलो. टोपणनावाने हाक मारणारे सराव सुरू झाला की 'कोच' म्हणायचे आणि बसमध्ये पुन्हा टोपणनावावर यायचे, आणि मी ते तसंच चालू दिलं.

खरा प्रश्न संघ जाहीर होतो तेव्हाचा. माझ्या जोडीने वर्षानुवर्षं डावीकडून खेळलेला विंगर बाहेर बसणार होता. मुख्य कोच म्हणाले, तू सांग, तुझं ऐकेल. मी नको म्हणालो. निर्णय ज्याचा, त्याने सांगावा. सहायकाने कडू बातम्या पोचवायला सुरुवात केली की खेळाडू त्याला मोकळेपणाने काही सांगेनासे होतात, आणि सहायकाचा अर्धा उपयोग तर तिथेच असतो.

खेळाडू-कोच अशी दुहेरी भूमिका आता वरच्या पातळीवर जवळपास दिसत नाही. केनी डॅल्ग्लिशने १९८५-८६ मध्ये लिव्हरपूलकडून ती निभावली, लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, लीग पक्की करणारा गोलही स्वतःच मारला. आज व्हिडिओ, फिटनेसचे आकडे, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास हे सगळं सांभाळून स्वतः खेळायचं म्हणजे झोप सोडावी लागेल.

विंगर

इथे सगळे पुरुषच लिहितायत, म्हणून मी. आमच्या बाजूला 'खेळणं संपलं आणि मग कोच झाले' असं दोन भागांत काही होत नाही. खेळायचं, नोकरी करायची आणि संध्याकाळी लहान मुलींना शिकवायचं, हे एकाच वेळी चालू असतं. सारिना विगमन खेळत असताना शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायच्या. पुढे २०१७ मध्ये नेदरलँड्सला आणि २०२२ व २०२५ मध्ये इंग्लंडला युरो जिंकून दिला. वर्गात शिकवलेल्या माणसाला एक गोष्ट आधीच माहीत असते, जी व्यावसायिक खेळाडूला उशिरा कळते: तुम्ही सांगितलं म्हणजे समोरच्याला कळलं असं नाही. त्यामुळे धागाकर्त्याचं म्हणणं मला अर्धंच लागू होतं.

बाकी, मुलींच्या संघासाठी माजी पुरुष खेळाडूला थेट नेमतात आणि मला विचारतात, 'तुमच्याकडे कोचिंगचं कोणतं लायसन्स?' त्यांच्याकडे कोणतं होतं, हे मी विचारलं. उत्तर आलं नाही.

धागाकर्ता

लायसन्सचा विषय निघालाच आहे तर कोणीतरी सविस्तर लिहा. सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशी शिडी असते एवढं सगळ्यांना माहीत आहे. आत काय चालतं?

बचावात्मक मिडफिल्ड

मी लिहितो. आत पहिल्यांदा होतो तो अपमान. तुम्ही मोठ्या स्टेडियममध्ये खेळलेले असता आणि कोर्सवर तुम्हाला सराव-सत्राचा आराखडा कागदावर काढायला लावतात: मैदानाचा चौकोन किती मीटरचा, किती खेळाडू, किती मिनिटं काम, किती विश्रांती, कुठल्या क्षणी खेळ थांबवणार आणि थांबवून काय विचारणार. हा शेवटचा रकाना भरताना भले भले अडतात. त्यात दुसऱ्यांच्या सत्रात खेळाडू म्हणून पळावंही लागतं, तेही चाळिशीतल्या गुडघ्यांवर.

परीक्षेत खेळ थांबवण्याची वेळ बघतात. बचाव आकुंचन पावून उभा राहायला हवा होता आणि तिघं पसरले, तर शिट्टी त्याच चित्रावर वाजली पाहिजे. चार सेकंद उशीर झाला की चित्र मोडतं आणि तुम्ही आठवणीवर व्याख्यान देत बसता. खेळाडू असताना मी दर सरावात कोचच्या शिट्टीला वैतागायचो. आता दुसऱ्यांच्या सत्रातही माझं लक्ष शिट्टीवरच जातं.

नियमातून मोठं नावही सुटत नाही. २०१४ मध्ये झिनेदिन झिदान रेआल माद्रिदच्या राखीव संघाबरोबर होता तेव्हा लायसन्सवरून तीन महिन्यांची बंदी ठोठावली गेली होती. ती पुढे उठली. २०१६ च्या जानेवारीत तो मुख्य संघावर आला आणि ओळीने तीन चॅम्पियन्स लीग जिंकला.

न खेळलेला

मला जागा नाही, कारण मी व्यावसायिक खेळलोच नाही. आरिगो साकी आणि योझे मोरिन्यो यांची नावं आमच्या बाजूने नेहमी येतात, आणि आपल्याकडचं नाव सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, आणि भारताला १९५१ व १९६२ ची एशियाड सुवर्णपदकं मिळाली ती त्यांच्या हाताखाली. युलियान नागेल्समानची कारकीर्द दुखापतीने व्यावसायिक पातळीवर पोचण्याआधीच थांबली, २८ व्या वर्षी तो होफेनहाइमचा मुख्य कोच होता.

पण प्रामाणिकपणे सांगतो, माजी खेळाडूंना एक गोष्ट आयती मिळते, पहिल्या काही दिवसांची शांतता. तुम्ही बोलायला लागता आणि खोली गप्प होते. मला ती मिळवायला पहिला मोसम गेला. मात्र सराव फसला तर ती शांतता तुमच्याकडूनही निघून जाते, हे मी तुमच्यापैकी एकाच्या हाताखाली काम करताना पाहिलंय.

फॉरवर्ड

हकालपट्टीबद्दल कोणी बोलत नाही, मी बोलतो. खेळाडूला संघाबाहेर काढतात तेव्हा तो करारात असतो, सरावाला येतो, चार जणांत बसतो. कोचला काढतात तेव्हा दुपारपर्यंत त्याची खोली रिकामी झालेली असते. माझ्याबरोबर सहायक, फिटनेसवाला आणि व्हिडिओ बघणारा पोरगाही गेला. त्या पोराने नुकतंच भाड्याचं घर घेतलं होतं. खेळाडू म्हणून मी फक्त माझा करार वाचायचो, आता माझ्या लोकांच्या करारातली नोटिशीची कलमंही वाचतो.

आन्द्रेआ पिर्लोला २०२० मध्ये युव्हेंटसच्या राखीव संघावर नेमलं आणि नऊ दिवसांत मुख्य संघावर बसवलं. एकही सामना न चालवलेला माणूस, आणि त्याच्या आधी संघाची सलग नऊ लीग विजेतेपदं. इटालियन कप आणि सुपर कप जिंकूनही चौथ्या क्रमांकावर मोसम संपला आणि त्याला काढलं. उलट शाबी अलोन्सो रेआल सोसिएदादच्या राखीव संघात तीन मोसम राहिला, मग २०२२ मध्ये लेव्हरकुसेनला गेला आणि २०२३-२४ ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, एकही सामना न हरता जिंकला. अलोन्सो हुशार आणि पिर्लो नाही असं कोण म्हणेल! चुकायला जागा एकाला मिळाली, दुसऱ्याला नाही. आपल्याकडे खालिद जमीलही खेळणं संपल्यावर लहान संघ सांभाळत वर आले, २०१६-१७ ला आयझॉलला आय-लीग जिंकून दिली ती अशाच वाटेवर.

अजून खेळतोय

माझे एक-दोन मोसम उरले असतील. आत्तापासून काय करू?

धागाकर्ता

सी लायसन्स खेळत असतानाच करून टाक, गुडघे शाबूत आहेत तोवर. एखाद्या वयोगटाच्या संघाला आठवड्यातून एक संध्याकाळ दे, फक्त वॉर्मअप घेतलास तरी चालेल. आणि स्वतःच्या सरावाची वही ठेव: ड्रिल काय होतं एवढंच नको, कशासाठी होतं तेही लिही. समजलं नाही तर कोचला विचार. बहुतेक जण खुशीने सांगतात. आमचे सांगत नसत, पण त्यांचा वेगळा धागा काढावा लागेल.