अनुभव धागा: शाळा पुन्हा भरली तेव्हा

परवा कपाट आवरताना थर्मल गन सापडली. सेल पाझरून आत गंज चढलेला. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग उघडले, तेव्हा हीच घेऊन मी फाटकात उभी होते. त्याआधी २०२१ च्या सुरुवातीचे थोडे आठवडे सोडले, तर मार्च २०२० पासून कोरोनामुळे आमची शाळा बंदच होती. मुलं किती मागे पडली यावर पुष्कळ लिहून झालंय. पण वर्गात पाऊल टाकल्यावर काय झालं, कोणी कोणाला कसं सांभाळलं, ते इथे लिहा. शिक्षक, पालक, तेव्हाचे विद्यार्थी, सगळ्यांनीच. सुरुवात मी करते.

आमची शाळा दुसऱ्या लाटेत विलगीकरण कक्ष होती. खाटा गेल्या, फवारणी झाली, पण भिंतीवर मार्करने लिहिलेलं ‘बेड नं. ७’ तसंच राहिलं. सहावीतला एक मुलगा त्या भिंतीकडच्या बाकावर बसेना. मास्कमुळे निम्मा चेहरा झाकलेला, मला वाटलं हट्ट करतोय. दोनदा रागावलेही. तिसऱ्या दिवशी त्याची बहीण सांगायला आली, “बाई, आमचा आबा तिथं होता.” आबांना तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. मी माझं टेबल त्या भिंतीला लावलं. चुना मारून टाकावा असं मनात होतं, तर त्यानंच विचारलं, “पुसणार का?” नाही म्हटलं. पुढे मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन टेबलापाशी यायला लागला. ते दोनदा रागावणं मला अजून टोचतं.

पालक, पुणे
आमची लेक पहिलीच्या वर्गात न बसताच दुसरीत गेली. १६ डिसेंबर २०२१ ला पहिल्यांदा शाळेत गेली आणि घरी येऊन सांगते काय, “आई, बाई केवढ्या उंच आहेत!” दीड वर्ष मोबाइलच्या चौकटीत पाहिलेल्या बाई, उंची कळणार कुठून?
खरी अडचण फळ्याची झाली. मान वर करून वाचायचं, खाली बघून लिहायचं, पुन्हा वर बघून तीच ओळ शोधायची, हे तिला जमेना. रोज रडारड. बाईंनी दोन आठवडे फळ्यावर पाचच ओळी लिहिल्या, प्रत्येक ओळ वेगळ्या रंगाच्या खडूने. जमायला लागलं आणि जानेवारीत शाळा परत बंद.

२०२१ ची दहावी
आम्ही ‘कोरोना बॅच’. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी-दहावी सुरू झाली, तर बाबा संमतीपत्रावर सही करेनात. “सही म्हणजे काही झालं तर जबाबदारी आपली,” म्हणायचे. शेवटी आईने केली. आमच्या शाळेत सम-विषम होतं. माझा नंबर १३, मैत्रिणीचा १४. बाक एकच, पण भेट नाही. कप्प्यात चिठ्ठ्या ठेवायचो, तीही घाबरत, कागदावरून होतो की काय म्हणून.
मग परीक्षाच रद्द. नववीचे ५०, अंतर्गत ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असा निकाल लागला. चांगले पडले, पण नातेवाईक म्हणायचे, “तुम्हाला काय, फुकटात मिळाले.” आमच्या गणिताच्या सरांनी निकालानंतर भूमितीचा पेपर पाठवला. खाली एवढंच लिहिलेलं, वाटलं तर सोडव. सोडवला, त्यांनी तपासून दिला. ४० पैकी २६. दहावीचे माझे मार्क कोणी विचारले तर मनात तेच येतात.

शिक्षक, बीड जिल्हा
आमच्याकडे शाळा उघडली आणि दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. म्हणजे हाताशी दोन-तीन आठवडे. सातवीचं पोरगं जोडाक्षराला अडायचं. सेतूच्या, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीच्या, चाचण्या भरून पाठवल्या, पण वर्गात इयत्ताच मोडल्या. अक्षरं येणारे एका सतरंजीवर, वाक्य वाचणारे दुसऱ्या. सातवीतले पाचवीच्या पोरांत बसले, कोणाला लाज वाटली नाही. चाललेल्यांना पुस्तकांसोबत गोष्टींचे फाटके अंक दिले, फडावर वाचायला.
आठवीतली एक मुलगी ओढणीखाली मंगळसूत्र लपवून आली. मी पाहिलं, तिनं मी पाहिल्याचं पाहिलं. आठवडाभर आली, मग नाही. १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन करायला पाहिजे होता. केला नाही.

शिक्षिका, मुंबईजवळ
शिक्षकांचंही लिहिते. घरोघर ऑक्सिजन मोजत फिरलो, नाक्यावर उभे राहिलो, आरटीपीसीआरच्या रांगेत उभे राहिलो. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या एक सहकारी गेल्या. शाळा उघडताना मुलांशी कसं बोलायचं याचं परिपत्रक आलं. आमच्याशी कसं, त्याचं नाही. त्यांचा वर्ग घ्यायला कोणी धजेना, कारण हजेरीपटावर त्यांचं अक्षर. मुख्याध्यापिकांनी आदल्या दिवशी सगळ्यांना नुसतं चहाला बोलावलं. मीटिंग नाही, इतिवृत्त नाही. दोन तास बसलो, रडलोही. वर्ग मी घेतला.

इंग्लंडमधून
इथे ८ मार्च २०२१ ला सगळ्या शाळा उघडल्या. मी प्राथमिक शाळेत वर्गमदतनीस. आठवड्यातून दोनदा घरीच नाकात काडी घालून चाचणी करायची, मुलांचे ‘बबल’, म्हणजे एकमेकांत न मिसळणारे गट, केलेले, खिडक्या मार्चच्या थंडीत सताड उघड्या. मुलं कोट घालून गणितं करायची. नागपूरच्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “मग शेगडी ठेवा ना मधोमध.”

शिपाई (निवृत्त), माध्यमिक शाळा
मी थोडंच लिहितो. शाळा उघडली तेव्हा तीन तासांची होती, मधली सुट्टी द्यायची नाही असं ठरलेलं. मुलांनी एकत्र डबा खाऊ नये म्हणून. पहिल्याच दिवशी सवयीनं माझा हात गेला आणि मधल्या सुट्टीची घंटा दिली. आठ महिन्यांनी वाजलेली. पोरं धाडधाड बाहेर. मास्तर सगळे दारात. मी हातोडी घेऊन तसाच उभा. हेडमास्तर माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, “दिलीच आहे मामा, तर राहू द्या दहा मिनिटं.”