बीए सेटची शिट्टी आता सगळ्यात आधी माझीच वाजते (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. मोबाइलवर टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात लीडिंग फायरमन आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वय ४४, नोकरी २१ वर्षं, निवृत्तीला अजून १४. भरती झालो तेव्हा वजन ६६ होतं, आज ८५. उंची १७० सेंमी, पोटाचा घेर ९९. डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. बीपी मागच्या वेळी १४२/९२ निघालं, गोळी अजून नाही. सिगारेट नाही, तंबाखू चार वर्षांपूर्वी सोडली.

मागच्या महिन्यात रात्री पावणेतीनला वर्दी आली. सहाव्या मजल्यावर फ्लॅटला आग, लिफ्ट बंद. मी आणि २६ वर्षांचा एक जवान अशी जोडी. दोघांचे गेज (हवेचा दाब दाखवणारी तबकडी) २९० बारवर, खांद्यावर होजची (पाण्याच्या पाइपची) एकेक लेंग्थ, म्हणजे तुकडा. चौथ्या मजल्यापर्यंत मास्कमध्ये माझाच श्वास लोहाराच्या भात्यासारखा ऐकू यायला लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीए सेट म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क. आमचा ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की साधारण १८०० लिटर हवा बसते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. हे कागदावर. हवा ५५ बारच्या आसपास आली की शिट्टी वाजायला लागते, आणि एकाची वाजली की जोडी बाहेर. माझी सतराव्या मिनिटाला वाजली. पोराच्या गेजवर तेव्हा सव्वाशे बार शिल्लक होते.

आत कुणी नव्हतं, दुसऱ्या जोडीने काम पुरं केलं. खाली आल्यावर त्या पोराने माझ्या सेटचे पट्टे सोडवले आणि म्हणाला, "दादा, बसा." चेष्टा नव्हती, काळजीनेच म्हणाला. पण ते "बसा" अजून डोक्यातून जात नाही. दहा वर्षांपूर्वी आमच्या स्टेशनात माझी शिट्टी सगळ्यात शेवटी वाजायची.

आता खरी अडचण. भरतीच्या वेळी धाव, दोर, शिडी, ५० किलोचा डमी खांद्यावर, सगळं झालं. त्यानंतर आजपर्यंत मला कुणी एक मिनिट पळवून बघितलेलं नाही. एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह आला की लोकांसमोर ड्रिल करतो, तेवढंच. ड्युटी २४ तास, मग २४ तास सुट्टी. स्टेशनात जिमचं सामान आलं होतं कधीतरी. ट्रेडमिल बंद, आणि एक डंबेल स्टोअरचं दार उघडं राहावं म्हणून उंबऱ्यात ठेवलेला आहे. संध्याकाळी व्हॉलीबॉल होतो, पण मी आता बहुतेक अंपायर असतो. खाण्याचं सांगायलाच नको. पहाटे चारला आगीवरून परतताना जी गाडी उघडी दिसेल तिथे वडापाव नाहीतर भुर्जी.

घटनेनंतर जोशात येऊन मोबाइलवर बघून रोज दोनशे बैठका सुरू केल्या. सहाव्या दिवशी गुडघा सुजला. आता प्रश्न:

ड्युटीच्या दिवशी व्यायाम करावा की नाही? नेमकी तेव्हाच वर्दी आली तर? गुडघा सांभाळून दम कसा वाढवायचा? आणि ५८ पर्यंत हे काम अंगाला झेपेल असं काही खरंच करता येतं, की ऑफिसचं टेबल मागून घ्यावं? बायको टेबलाच्या बाजूने आहे.

पायरीपायरीने

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी नावडतं सांगते. व्यायाम सुरू करायच्या आधी ईसीजी, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची चाचणी), साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) करून घ्या. वय ४४, बीपी १४२, पोट ९९ (आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात) आणि काम असं की झोपेतून उठून पाच मिनिटांत हृदय पूर्ण वेगात. २००७ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या जवानांच्या ड्युटीवरच्या मृत्यूंपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास हृदयविकाराने होतात. प्रत्यक्ष आग विझवण्यात नोकरीचा १ ते ५ टक्के वेळ जातो, पण हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के तेवढ्या वेळात झालेले होते. भाजण्याची भीती सगळ्यांना असते, या गोष्टीची कुणालाच नसते.

टीएमटीच्या रिपोर्टवर "मेट्स" असा आकडा छापलेला असतो, म्हणजे शांत बसल्यावर लागतो त्याच्या किती पट ऑक्सिजन अंग वापरू शकतं. लोक "निगेटिव्ह" एवढंच वाचून फाइल बंद करतात. तुम्ही तो आकडा बघा. तुमच्या कामाला बारा मेट्सच्या आसपास हवेत. किती आले ते इथे लिहा.

बैठका तूर्त बंद.

दंडबैठक

बैठकांना नावं ठेवू नका. आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी शंभर मारायचे. दूध, तूप, बदाम आणि पहाटेचा आखाडा, बास. हे मेट्सबिट्स शहरी चोचले.

पायरीपायरीने

आजोबा पंधरा किलोचा सिलिंडर पाठीवर घेऊन सहा मजले चढत नव्हते, आणि ते शंभरावर विसाव्या वर्षापासून हळूहळू आले होते. यांनी एका सोमवारी दोनशेने सुरुवात केली. बैठक वाईट नाही, हिशेब चुकला.

निवृत्त_स्टेशन_ऑफिसर

अरे बाबा, टेबल मागू नकोस. मी ३३ वर्षं काढली या खात्यात. टेबलावर गेलेल्यांची पोटं दोन वर्षांत कुठे गेली ते पाहिलंय.

माझं मत थोडं वेगळं आहे. दम कमी झाला हे खरं, पण हवा नुसत्या दमाने संपत नाही, ती घाईनेही संपते. तू तळमजल्यालाच मास्क लावलास का? जिना धुरात नसेल तर सेट पाठीवर घ्यायचा आणि खालच्या स्वच्छ मजल्यावर पोहोचून मास्क चढवायचा. तिथे अर्धा मिनिट थांबून गेज वाचायचं, मग आत. पोरांना वाटतं थांबणं म्हणजे वेळ घालवणं.

दुसरं, पाण्याने भरलेली होज एकट्याने ओढायची नाही. ६३ मिलीमीटरच्या पंधरा मीटरच्या एका लेंग्थमध्ये नुसतं पाणीच ४७ लिटर असतं. वळणावर एक माणूस उभा केला की पुढच्याची निम्मी ताकद वाचते. तुझा अनुभव २१ वर्षांचा आहे, तो कामाला लाव.

तिसरं, आमच्या वेळी सकाळी रोलकॉलनंतर पाऊण तास स्क्वॉड ड्रिल आणि लॅडर ड्रिल रोज व्हायची. शिव्या घालायचो आम्ही इन्स्ट्रक्टरला. पण वेगळी जिम लागली नाही. आता पीपीटी दाखवतात.

बंबवाला (धागाकर्ता)

साहेब, मास्क तळमजल्यालाच लावला होता. जिन्यात धूर होता पण तिसऱ्यापर्यंत नव्हता. चूक मान्य.

ताई, टीएमटी झाली. निगेटिव्ह. मेट्स ९.४. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली, साखर काठावर आहे म्हणाले, आणि व्यायामाला हरकत नाही असं लिहून दिलं.

लीड्सहून_वहिनी

माझा नवरा इथे इंग्लंडमध्ये फायर सर्व्हिसमध्ये आहे, ५१ वर्षांचा. इथे ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेचं मोजमाप होतं, वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ४२.३ मिलीलिटर हवं असतं. बारा मेट्स म्हणजे साधारण तेच, साडेतीनने गुणा. तुमचे ९.४ म्हणजे ३३ च्या जवळ. इथे ३५.६ च्या खाली गेलं की आगीवर पाठवत नाहीत, आधी व्यायामाचा कार्यक्रम देऊन परत चाचणी घेतात. घाबरवायला सांगत नाहीये. हा स्वतः ४७ व्या वर्षी ३८ वर आला होता, पाच महिन्यांत ४३ केलं. मुख्य म्हणजे जिना, आणि आठवड्यातून एकदा दम काढणारं काहीतरी. बिअर पण कमी केली, ते तो सांगणार नाही.

आणखी एक. आगीवरून आल्यावर तो कोपरापर्यंत दोन्ही हात पंधरा मिनिटं गार पाण्याच्या बादलीत घालून बसतो. अंगातली उष्णता लवकर उतरते. इथे तसं शिकवतात. तुमच्याकडे पाण्याचा टँकर दारातच उभा!

पायरीपायरीने

बादलीचं अगदी बरोबर, तळहात आणि हातांतून उष्णता पटकन बाहेर पडते. बर्फ नको, साधं गार पाणी.

आता व्यायाम. सुट्टीच्या दिवशी कष्टाचा, ड्युटीच्या दिवशी हलका. ड्युटीवर पाय थकवून ठेवले आणि वर्दी आली तर त्याच पायांवर शिडी चढायची आहे. त्यामुळे स्टेशनात चालणं, खांद्याचे आणि कमरेचे हलके व्यायाम, व्हॉलीबॉल (अंपायरगिरी बंद). रात्री आगीवर गेला असाल तर दुसऱ्या दिवशी आधी झोप. न झोपलेल्या अंगावर जोर काढू नका.

सुट्टीच्या दिवशी पहिले चार आठवडे फक्त ४० मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून एक दिवस चढावर चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. गुडघ्यासाठी जिना चढा, पण उतरताना कठडा धरून हळू. आठ इंची पायरीवर एका पायाने चढ-उतर, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. बैठक हवीच असेल तर मागे बाकडं ठेवून त्यावर टेकून उठायचं.

वजनं विकत घेऊ नका. तुमच्याकडे फोमचे २० लिटरचे कॅन असतील. दोन हातांत दोन, पाठ ताठ ठेवून ३० मीटर चाला, ठेवा, परत उचला. डमी ओढण्याला याच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही. फक्त रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून करा, फोम सांडला तर साहेब माझ्या नावाने ओरडतील.

आणि रेनकोट घालून घाम काढायचं खूळ कुणी डोक्यात घातलं तर ऐकू नका. घामाने पाणी जातं, चरबी नाही.

दंडबैठक

बाकड्यावर टेकून बैठक! असो. ताक तरी प्यायला सांगा.

पायरीपायरीने

ताक सांगतेच. आगीवरून आल्यावर पाणी, ताक, चिमूटभर मीठ. (बीपी आहे, मुठीने नको.)

निवृत्त_स्टेशन_ऑफिसर

आणि काजळी अंगावर घेऊन वडापाव खाऊ नका रे. आधी हात, मान, तोंड धुवा, डांगरी वेगळ्या पिशवीत टाका, घरी नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये आपलं काम सरळ पहिल्या गटात (ज्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालंय असा गट) टाकलंय, तंबाखूच्या रांगेत. आमच्या काळात काळं तोंड म्हणजे मर्दुमकी वाटायची. माझ्या बॅचचे दोघं त्या आजाराने गेले. कशाने झाला ते कुणी सांगू शकत नाही, पण हात धुवायला काय जातं?

बंबवाला

मंडळी, अकरा आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. मध्ये पावसाळा होता, झाडं पडण्याच्या वर्द्यांनी जीव काढला. तीन आठवडे व्यायाम पूर्ण बुडाला.

वजन ८५ वरून ८०.५. घेर ९४. बीपी गोळीवर १२८/८४. गुडघा चढताना गप्प, उतरताना अधूनमधून बोलतो.

साहेबांच्या सांगण्यावरून एक घरगुती चाचणी ठरवली. आमच्या चार मजली ड्रिल टॉवरवर बीए लावून, खांद्यावर एक लेंग्थ घेऊन, तीन वेळा वर-खाली. पळायचं नाही. आधीचं आणि नंतरचं गेज वहीत लिहायचं. पहिल्या वेळी मला ९५ बार लागले होते, त्या २६ च्या पोराला ६५. परवा मला ७८ लागले. पोराला ६६. एकाने बढाई नको म्हणून त्याच्या शेजारी "१ ने वाढ" असं लाल पेनाने लिहून ठेवलंय.

आता सात जणं ही वही भरतात. ड्रायव्हर साहेबही तयार झाले, त्यांना ११२ लागले, मग दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. साहेबांच्या जुन्या पद्धतीने रोलकॉलनंतर वीस मिनिटं ड्रिल सुरू केलीय. वरून आदेश नाही, आमचं आम्हीच. डंबेल दारातून काढला, तिथे वीट ठेवली.

टेबलाचा अर्ज दिलेला नाही. बायकोला वही दाखवली, ती म्हणाली आकडे मला कळत नाहीत, पुढची टीएमटी कधी ते सांग. दिवाळीनंतर आहे. ताई, तेव्हा मेट्स किती यावेत असं धरू? आणि वडापाव आठवड्यातून एक चालेल का, खरं सांगा.

पायरीपायरीने

साडेदहा आले तरी मी खूश. वडापाव एक. हात धुऊन.