मदत हवी आहे: बालसंरक्षणात काम करणाऱ्यांसाठी ऑनलाइन कोर्स, नुसतं सर्टिफिकेट देणारा नको

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यात मास्टर्स), मराठी माध्यमातून. बीडकडच्या एका तालुक्यात एका संस्थेत समुपदेशक आहे. कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर. बालकल्याण समितीसमोर येणारी मुलं, गृहभेटी, फॉर्म 22 म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल, आणि ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर बालविवाहाचे फोन. अर्ध्या कोयत्याला, म्हणजे एकट्या मजुराला, उचल (आगाऊ रक्कम) अर्धीच मिळते, नवरा-बायकोची जोडी झाली की पूर्ण कोयता. त्यामुळे त्या दिवसांत लग्नं कशी उरकतात ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको.

तर माझ्या फाइलमध्ये चौदा सर्टिफिकेटं आहेत. नऊ लॉकडाउनमधली, तेव्हा वेबिनारांचा पाऊसच पडत होता. शेवटचं गेल्या वर्षी 3,500 रुपये भरून केलेल्या 'चाइल्ड कौन्सेलिंग डिप्लोमा'चं. कुणाचा ते लिहीत नाही. चाळीस रेकॉर्डेड व्हिडिओ, शेवटी वीस ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, नापास झालात तर लगेच परत द्या. मला 90 टक्के पडले. सर्टिफिकेटवर आडनाव चुकलं होतं, दुरुस्तीचे वेगळे 300 मागितले, मग नाद सोडला.

त्यानंतर पंधराच दिवसांनी एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. व्हिडिओतल्या मॅडमनी शिकवलं होतं की ओपन एंडेड प्रश्न विचारा, भावनेला नाव द्या. मी विचारलं, "तुला आत्ता कसं वाटतंय?"

"बरं हाय."

"तुला राग आलाय असं मला जाणवतंय."

"न्हाई."

पुढची पस्तीस मिनिटं ती ओढणीच्या टोकाला गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. मी तीनदा पाणी विचारलं. निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "ताई, फडावर रेंज असती का?" मी म्हटलं, "कुठं कुठं असते." गेली. रात्री भांडी घासताना डोक्यात ट्यूब पेटली. तासाभरात तिनं स्वतःहून विचारलेलं एवढं एकच होतं, आणि मी तिला नेटवर्कची माहिती दिली! अहवालात मात्र व्यवस्थित लिहिलं, 'बालिका शांत आहे, सहकार्य करते.'

आता काय हवंय ते सांगते. समोर जिवंत माणूस असेल, माझी केस ऐकेल आणि "इथं तू चुकलीस" म्हणेल असं काहीतरी. मराठीत मिळालं तर सोनं, हिंदी चालेल, इंग्रजी ऐकून कळतं पण बोलताना तंतरते. रात्री आठनंतर किंवा रविवारी. बजेट फार तर पाच-सहा हजार. नेट म्हणजे गच्चीवर टाकीजवळ दोन काड्या. पुण्या-मुंबईला येऊन राहणं जमणार नाही, मुलगा दुसरीत आहे.

अजून एक. जाहिरातींत 'सीआरई पॉइंट मिळतील' असं असतं. ते मला लागतात का? कंत्राट रिन्यू होताना कोणी बघतं का?

कोरडा_ओढा

शेवटचं आधी. नाही लागत. सीआरई पॉइंट हा पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा प्रकार. तिथं ज्यांची नोंदणी आहे (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक वगैरे) त्यांना नोंदणी टिकवायला ते गोळा करावे लागतात. नुसत्या एमएसडब्ल्यूवर तिथं नोंदणीच होत नाही, मग पॉइंट ठेवणार कुठं? मी पण एकदा दोन हजार घालवलेत यात.

आपली खरी गोची वेगळी आहे. देशात समाजकार्याचं रीतसर शिक्षण 1936 साली मुंबईत सुरू झालं, आजची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) ती. पण वकिलांना बार कौन्सिल आहे, नर्सना नर्सिंग कौन्सिल आहे, तसं आपल्याला सगळ्यांना धरणारं काही नाही. लायसन्स नाही, म्हणून दर वर्षी अमुक तास शिका असं सांगणारंही कोणी नाही. त्यामुळे झूम अकाउंट असलेला कोणीही 'इंटरनॅशनल सर्टिफाइड' विकतो. 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत मेडिकल आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्कर आले आहेत, पण तो आरोग्य क्षेत्रासाठीचा कायदा. बालसंरक्षणातल्यांनी त्यावर फार आशा लावून बसू नये.

कोर्सचं म्हणाल तर 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर समाजकार्य, समुपदेशन, बालहक्क असे विषय सत्रागणिक येत-जात असतात. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा. थिअरी पक्की होते. तुम्हाला हवंय ते तिथं मिळणार नाही.

रानजाई

मी पण याच शोधात. वाचनखूण साठवली आहे.

बंगळूरकर_मराठी

ताई, निमहान्सचा (बंगळूरची मानसिक आरोग्याची संस्था) 'संवाद' उपक्रम बघा. 2020 पासून महिला व बालविकास मंत्रालयाच्या मदतीनं चालतो, अडचणीतल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठीच आहे. बालगृहातले कर्मचारी, समितीचे सदस्य, समुपदेशक यांची ऑनलाइन प्रशिक्षणं घेतात. गोष्टी, खेळ, चित्रं वापरून मुलाशी कसं बोलायचं याचं त्यांचं साहित्यही वेबसाइटवर फुकट आहे. बरंचसं इंग्रजीत, पण भाषा सोपी आहे.

दुसरं, 'इको' पद्धतीचं कुठलंही प्रशिक्षण दिसलं तर सोडू नका. डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सी साठी ही सुरू केली, निमहान्सनं मानसिक आरोग्यात आणली. लेक्चर थोडकं असतं, मग तुमच्यासारखंच कोणीतरी आपली केस मांडतं, नाव-गाव काढून. आधी बाकीचे फील्डवाले बोलतात, मग तज्ज्ञ. मी दोन बॅच केल्या. पहिल्या तीन सत्रांत तोंड उघडलं नाही. चौथ्यात माझीच केस लागली, पळायला जागा नव्हती. नेट गेलं तर फोनवर नुसता आवाज ठेवून बसायचं, चालतं.

पॅसिफिककाठ

मी कॅलिफोर्नियात एलसीएसडब्ल्यू, म्हणजे लायसन्सवाली क्लिनिकल सोशल वर्कर आहे, मूळची सांगलीची. आमच्याकडे उलटी तऱ्हा. लायसन्स टिकवायला दर दोन वर्षांनी 36 तास सक्तीचे, त्यातले 6 कायदा आणि नीतिमत्तेचे. म्हणजे इथं सगळं छान असेल असं वाटतं ना? एका रिन्यूअलला माझे 22 तास शेवटच्या दोन आठवड्यांवर आले. व्हिडिओ लावून ठेवायचे, नेक्स्ट दाबायचं, क्विझ द्यायची. आत्महत्येच्या धोक्याचा एक कोर्स मी मेथी निवडता निवडता पास झालेय. लाज वाटते, पण खरं आहे. सक्ती आहे म्हणून माणूस शिकतोच असं नाही.

शिकले ते लायसन्सच्या आधी. सुपरव्हिजनखाली 3,000 तास काम करावं लागतं, आणि दर आठवड्याला सुपरव्हायजरसोबत एकटीनं एक तास किंवा गटात दोन तास बसावं लागतं. तिथं लपता येत नाही. तेव्हा कोर्स शोधू नकोस, सुपरव्हायजर शोध. सहा हजारांत महिन्याला एक असे पाच-सहा तास तरी एखाद्या अनुभवी मराठी बाईचे मिळावेत.

आणि ते "कसं वाटतंय"चं. अगं, ते सरळसरळ इंग्रजीतून उचललेलं वाक्य आहे. माझ्या आजीनं जन्मात मला "तुला कसं वाटतंय" विचारलं नाही. "तोंड का उतरलंय गं?" म्हणायची आणि पोळी वाढायची, तेवढ्यावर मी सगळं ओकायचे. त्या मुलीच्या बोलीत हा प्रश्न ताप आलाय का असाच ऐकू जातो, म्हणून "बरं हाय".

नियमावली_काका

राग मानू नका, पण धाग्यात वय, शिक्षण, भावंडं असं काही आलं असेल तर काढून टाका. बाकी आहे तेवढं ठीक आहे, पण पुढं प्रतिसादांच्या ओघात लिहिलं जातं. तालुका, शाळा आणि आई-बाप कुठल्या कारखान्याला जातात एवढं एकत्र आलं की गावातला माणूस पाच मिनिटांत ओळखतो. बाल न्याय कायद्याचं कलम 74 फक्त पेपरवाल्यांसाठी नाही, 'संपर्काचं इतर कुठलंही माध्यम' असं त्यात आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑनलाइन केस चर्चेत जाल तेव्हाही हेच. फॉर्म 22 चे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरताना मी स्वतः पाहिलेत, म्हणून बोलतोय.

जुनी_ओपीडी

मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर होते, आता निवृत्त. पोरी, तू कॉलेजात फील्डवर्कचं रेकॉर्डिंग लिहायचीस ना? आणि आठवड्याला आयसी, म्हणजे मॅडमसोबत एकटीची चर्चा, व्हायची? सगळ्यांना त्या आयसीचा कंटाळा. मॅडम लाल पेनानं विचारायच्या, "इथे तू गप्प का बसलीस?" नोकरी लागली की पहिलं काय सुटतं तर तेच. मग आपण चौदा सर्टिफिकेटं गोळा करतो. मीही केली आहेत, कपाटावर बॅगेत आहेत.

तेच परत सुरू कर. वहीत तीन रकाने. ती काय म्हणाली, तू काय म्हणालीस, आणि त्या वेळी तुझ्या पोटात काय झालं. अहवाल वेगळा, हे वेगळं, आणि हे ऑफिसात ठेवायचं नाही. नाव-गाव अर्थातच नाही. 'फडावर रेंज असती का' हे पहिल्या रकान्यात लिहिलंस की तिसऱ्यात काय येतं बघ. माझा अंदाज सांगते, तुला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं असणार. एकदाची जाते बाई. मला वाटायचं तसं. त्यात पाप नाही, फक्त ते कळलेलं बरं.

चार-पाच जणी जमवा, पंधरा दिवसांनी एक तास, एका वेळी एकच केस. मी बसेन तुमच्यात. पैसे नकोत. पण आयत्या वेळी "ताई आज जमत नाही" केलं तर मी पुन्हा येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

रानजाई

मी येणार! नंदुरबारहून एक धरा.

धागाकर्ती

इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आभार.

काका, सूचना पटली. मूळ लेखात वय होतं, काढलं.

पॅसिफिककाठ ताई, "तोंड का उतरलंय" घेतलं वापरायला.

जुनी ओपीडी मॅडम, तिसरा रकाना लिहिला. तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला, त्याहून जास्त इथं लिहीत नाही. परवा फॉलोअप होता. या वेळी काहीच विचारलं नाही. अधीक्षकांची परवानगी काढून फोन पुढं केला, म्हटलं कुणाला लावायचा असेल तर लाव. नंबर पाठ होता. पलीकडून उचलला नाही. दोनदा लावला. मग ती म्हणाली, "फडात असंल, संध्याकाळी उचलती." कोण ते मी विचारलं नाही. संध्याकाळी परत लावायचं ठरलं.

संवादचं साहित्य उतरवून घेतलंय, रात्री एकेक पान वाचतेय. पुढची ऑनलाइन बॅच कधी आहे ते कळलं तर कोणीतरी इथं टाका, मी त्यांना मेल केला आहे.

गटासाठी आत्तापर्यंत मी, रानजाई आणि व्यक्तिगत निरोप पाठवलेल्या दोघी. अजून एक जागा आहे, बालगृहात काम करणारं कोणी असेल तर बरं. वेळ रविवारी सकाळी सात. मॅडम, लवकर वाटेल, पण आठ वाजले की आमच्याकडे सगळं गाव रील बघायला बसतं आणि टाकीजवळच्या दोन काड्यांची एक होते.