मदत हवी आहे : तुपातील ट्रान्स मेदाम्लांसाठी आयनिक लिक्विडचा जीसी कॉलम घ्यावा का?

नमस्कार. आम्ही तूप, लोणी आणि वनस्पती (हायड्रोजनीकरण केलेले वनस्पती तूप) यांतील मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करून (म्हणजे सहज वाफ होणाऱ्या रूपात आणून) ते गॅस क्रोमॅटोग्राफीने (जीसी) मोजतो; तीत लांब, बारीक नळीतून (कॉलम) जाताना वाफेतील घटक एकेक करून वेगळे होतात. कॉलम १०० मीटरचा, बिस-सायनोप्रोपिल पॉलिसिलोक्सेनचा आहे आणि डिटेक्टर एफआयडी (ज्योतीत घटक जाळून मोजणारा). एफएसएसएआयने (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा २ टक्क्यांवर आणल्यापासून तुपातले ट्रान्स मेद दुधातूनच आलेले आहे की वनस्पतीच्या भेसळीतून, हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो.

अडचण अशी की दुधाच्या मेदात ११-ट्रान्स (आकडा साखळीतील दुहेरी बंधाचे स्थान सांगतो, ट्रान्स किंवा सिस त्याची रचना), म्हणजे व्हॅक्सेनिक आम्ल, प्रमुख असते, तर हायड्रोजनीकरण केलेल्या तेलात दुहेरी बंध साखळीवर दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. पण आमच्या कॉलमवर १३ ते १६ या स्थानांचे ट्रान्स समघटक (तेच अणू, पण वेगळी रचना) ओलेइक (९-सिस) आणि त्याच्या शेजारच्या सिस समघटकांच्या पीकखाली (आलेखातील शिखराखाली) दडतात. त्यासाठी सिल्व्हर-आयन टीएलसीने (चांदीचे आयन असलेल्या पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफीने) सिस आणि ट्रान्स आधी वेगळे करावे लागतात, आणि रोजच्या कामात ते परवडत नाही.

रसायनशास्त्रज्ञ डॅनियल आर्मस्ट्राँग यांच्या गटाने १९९९ मध्ये आयनिक लिक्विड (द्रवरूप लवण) स्टेशनरी फेज, म्हणजे कॉलमच्या आतील भिंतीवरचा थर, म्हणून तपासले आणि २००८ मध्ये असे कॉलम बाजारात आले. त्यांतील आयएल-१११ हा कॉलम अत्यंत ध्रुवीय आहे. पाच कार्बनच्या साखळीने जोडलेली दोन इमिडॅझोलियम वलये (नायट्रोजनयुक्त, धनभारित) हा त्यातील लवणाचा धनायन. २७० अंश सेल्सिअसची तापमानमर्यादा आमच्या कामाची नाही, कारण आम्ही २०० अंशांच्या आतच असतो. मला महत्त्वाची वाटते ती निवडक्षमता, म्हणजे जवळजवळ सारखे घटक वेगळे करण्याची क्षमता. त्यावर १५-ट्रान्स समघटक ओलेइकपासून, आणि ९-सिस,११-ट्रान्स सीएलए (संयुग्मित लिनोलेइक आम्ल) ७-ट्रान्स,९-सिस सीएलएपासून सुटते असे प्रसिद्ध झाले आहे. तुपासाठी हे दोन्ही फरक मोलाचे आहेत.

तरीही खरेदीपूर्वी काही गोष्टी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून समजून घ्यायच्या आहेत. हा थर मुळात द्रवाचा. तापल्यावर त्याची श्यानता (घट्टपणा) उतरते आणि सिलिकाच्या भिंतीवर तो सलग न राहता थेंबांत तुटू शकतो. रोज तुपाचे नमुने टोचणाऱ्यांना पीक रुंदावत गेल्याचा अनुभव किती काळाने आला? एस्टर करताना वापरलेल्या सोडियम मेथॉक्साइडचा अंश नमुन्यात राहिला तर काही बिघडते का, आणि त्यासाठी तुम्ही एस्टर विरघळलेला हेक्झेनचा थर पाण्याने किती वेळा धुता? अशा ध्रुवीय कॉलमवर मिथाइल ब्युटिरेट (चार कार्बनच्या ब्युटिरिक आम्लाचा एस्टर) फार लवकर बाहेर येते, त्यामुळे ते विद्रावकाच्या पीकपासून वेगळे ठेवण्यासाठी सुरुवातीचे तापमान किती ठेवता?

तापमान थोडे बदलले तरी समघटकांचा क्रम सरकतो, म्हणून जुन्या कॉलमचे धारणकाळाचे (प्रत्येक घटक बाहेर येण्याच्या वेळेचे) तक्ते येथे चालणार नाहीत हे मी धरून चाललो आहे. ज्यांनी दोन्ही कॉलम शेजारी-शेजारी वापरले आहेत, त्यांनी वाहक वायू (नमुना कॉलममधून पुढे नेणारा), तापमानाचा कार्यक्रम आणि शक्य असल्यास १८ कार्बनच्या मेदाम्लांच्या भागाचा क्रोमॅटोग्राम (पीकचा आलेख) द्यावा, ही विनंती.